खानदेशातला रानपिंगळा

श्रोतेहो, पिंगळा कोणाला माहीत नाही? वेशीवरचा वड, पडक्या वाड्याची भिंत, आमराईतल्या जुन्या झाडाची ढोली, ही त्याची ठरलेली घरे. तिन्हीसांज झाली की जोडी बाहेर येते आणि असा कलकलाट करते की सारी आळी डोक्यावर घेते. त्याच्या बोलण्यावरून शकुन सांगणारे पिंगळाजोशी एके काळी पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार फिरत. ‘पिंगळा बोलला’ म्हटले की घरातली म्हातारी माणसे कान टवकारीत.

आज या पिंगळ्याच्या एका भावबंदाची हकीकत सांगायची आहे. त्याचे नाव रानपिंगळा. हा आपल्या महाराष्ट्राच्या सातपुड्यात राहतो. पण १८८४ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल ११३ वर्षे, त्याला जिवंत पाहिल्याचा एकही भरवशाचा पुरावा कोणाजवळ नव्हता. तो नामशेष झाला असेच बहुतेक जाणकार धरून चालले होते. तो कसा दिसेनासा झाला आणि पुन्हा कसा सापडला, ही गोष्ट पक्ष्याची आहे तशीच कागदाचीही आहे. मी इतिहास शिकवतो, पक्षिशास्त्र नव्हे. पण कागद खरा कोणता आणि खोटा कोणता याची पारख करणे हे इतिहासाचेच काम, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

पक्ष्यांच्या नोंदी दोन तऱ्हेच्या असतात. काही पक्षी वाट चुकून येतात. वादळाने म्हणा, थव्यातून फुटून म्हणा, एखादा परदेशी पाहुणा कोठल्या तरी तळ्यावर उतरतो, दोन दिवस राहतो आणि निघून जातो. तो पुन्हा तेथेच शोधून मिळेल असे नाही. रानपिंगळ्याचे तसे नाही. हा घरकोंबडा पक्षी आहे. तो थंडीत येत नाही की उन्हाळ्यात जात नाही. ज्या रानात जन्मला त्याच्याच आसपास त्याचे आयुष्य जाते. त्यामुळे त्याच्या नोंदीत ठिकाणाला फार मोल आहे. ठिकाण बरोबर असेल तर शंभर वर्षांनीही माग लागतो, आणि ते चुकले तर सारा शोधच भलत्या रानात जातो. पुढे नेमके हेच झाले.

आता पहिल्या नोंदीकडे वळू. १८७२ सालच्या डिसेंबर महिन्यात एफ. आर. ब्लुइट नावाच्या गृहस्थांनी बसना गावाजवळ, त्या वेळच्या फुलझर जमीनदारीत, एक छोटे घुबड मारले. हा मुलूख आज छत्तीसगड राज्याच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. त्यांनी त्याचे कातडे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. ह्यूमसाहेबांचे नाव शिक्षक मंडळींना चांगले ठाऊक आहे. १८८५ साली राष्ट्रीय सभेची स्थापना झाली, तिच्या आरंभीच्या पुढाऱ्यांत ते होते. पण त्याआधी त्यांचा ध्यास पक्ष्यांचा होता. देशभरातले अधिकारी, शिकारी आणि इंजिनिअर त्यांना कातडी पाठवीत, आणि ह्यूम ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवून त्यांची माहिती छापीत.

ह्यूमनी ते कातडे पाहिले आणि ओळखले की हे प्रकरण वेगळे आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. याचे डोके आणि पाठ जवळजवळ कोरी. छाती गडद तपकिरी, खाली पोट पांढरे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. अंग वीतभर, पण चोच आणि नखे त्या मानाने दांडगी. १८७३ साली त्यांनी त्याचे वर्णन छापले आणि पाठवणाऱ्याचे नाव पक्ष्याला दिले. ते शास्त्रीय नावात ‘ब्लुइटी’ म्हणून आजही टिकून आहे.

दुसरा नमुना १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओरिसातल्या खरियार भागात मिळाला. हे ठिकाण फुलझरच्या दक्षिणेला, तसे शेजारचेच. त्यानंतरचे नमुने मात्र एकदम पश्चिमेला मिळाले. फुलझरपासून सरळ रेषेत आठशे किलोमीटरांहून दूर, आपल्या खानदेशात.

त्या काळी खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले. तेथे मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत जेम्स डेव्हिडसन नावाचे एक अधिकारी होते. मुलकी कामासाठी घोड्यावरून मुलूख पालथा घालायचा, आणि तळ पडला की पक्षी टिपायचे, हा त्यांचा क्रम. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक भलीमोठी यादी त्यांनी १८८२ साली ह्यूमच्याच नियतकालिकात छापली. यादीचे नाव त्यांनी ‘कच्ची यादी’ असे ठेवले होते. काम पक्के आणि नाव कच्चे, हा त्या माणसाचा विनय! तळोदे आणि शहादे यांच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या रानात, डेव्हिडसनना रानपिंगळा एकदा नव्हे, अनेकदा भेटला. १८८० ते १८८४ या काळात त्यांनी त्याचे काही नमुने जमवले आणि प्रत्येकाला गावाची नि तारखेची चिठ्ठी बांधली.

ती चिठ्ठी लक्षात ठेवा. संग्रहालयात पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक एवढीशी चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर गाव, तारीख आणि माणसाचे नाव. चिठ्ठी गेली तर कातडे नुसते पिसांचे बोचके उरते. आपल्याकडे जुन्या सनदेला जी किंमत, ती येथे या चिठ्ठीला.

जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याची जुनी कातडी फक्त सात. ह्यूमच्या संग्रहाचे भाग्य बरे, कारण १८८५ साली त्यांनी तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पण त्यांच्या टिपणांचे काय झाले? हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून कित्येक वर्षे जमवलेली ती हस्तलिखिते सिमल्याच्या त्यांच्या घरातून नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली! किती पक्ष्यांच्या किती नोंदी त्या रद्दीबरोबर वाण्याच्या पुडीत गेल्या असतील, देव जाणे.

१८८४ नंतर सारे सामसूम झाले. डेव्हिडसनची बदली झाली, ह्यूमनी पक्ष्यांचा नाद सोडला, आणि रानपिंगळ्याची खबर घेणारे कोणी उरले नाही.

आणि मग एक नवी नोंद पुढे आली. कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक कातडे होते. चिठ्ठीवर लिहिले होते: ९ ऑक्टोबर १९१४, मांडवी, तापी नदी. ही मांडवी म्हणजे गुजरातच्या सुरत जिल्ह्यातली. झाले! १८८४ नंतर तीस वर्षांनी पक्षी पुन्हा दिसला होता, आणि तोही नव्या ठिकाणी. ज्याला कोणाला रानपिंगळा शोधायचा होता, त्याला शेवटचा पत्ता मिळाला तो मांडवीचा.

हा कर्नल साधा माणूस नव्हता. युद्धातल्या त्याच्या पराक्रमाच्या कथा गाजलेल्या, पक्षिशास्त्रात नाव मोठे. आपले सलीम अलीही १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहायला गेले होते. १९५४ साली त्याने सुमारे वीस हजार कातड्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायला हवा होता. १९१४ चा ऑक्टोबर म्हणजे पहिले महायुद्ध पेटून दोन महिने झालेले. पूर्व आफ्रिकेवर जाणारी फौज त्याच महिन्याच्या मध्यावर मुंबईहून निघाली, आणि नोव्हेंबरच्या आरंभी टांगाच्या लढाईत हा कर्नल तिच्याबरोबर होता. त्या धांदलीत, निघायच्या आठवडाभर आधी, हा गृहस्थ मांडवीच्या रानात पक्षी मारत कसा होता? असे विचारणे म्हणजे गुन्हा शाबीत करणे नव्हे. पण विचारायला हरकत नव्हती.

कोणी विचारले नाही, आणि ती नोंद ग्रंथांतून पुढे चालत राहिली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेचे डिलन रिप्ली आणि सलीम अली यांच्यासारख्या मोठ्या मंडळींनी रानपिंगळ्याचा शोध केला, पण पक्षी काही हाती लागला नाही. मधूनच कोणी छायाचित्र दाखवी. नीट पाहिले की ते साध्या पिंगळ्याचे निघे. सलीम अली १९८७ साली गेले. रानपिंगळा सापडल्याची बातमी त्यांच्या कानी पडायची नव्हती.

या गुंत्याचे पहिले टोक हाती लागले ते रानात नव्हे, संग्रहालयाच्या कपाटात. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर काम करीत होत्या. माइनर्त्सहागेनच्या इतर काही कातड्यांबद्दल संशयाची कुजबुज त्याआधीच सुरू झाली होती. अॅलन नॉक्स या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने १९९३ साली त्यांतला काही घोटाळा छापून उघड केला होता. रासमुसेनबाईंनी आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचे ते कातडे बारकाईने तपासले.

आता बघा, कातडे भरणे हे शिंपीकामासारखे आहे. प्रत्येक शिंप्याचा टाका वेगळा, तसा कातडे भरणाऱ्याचा हातही वेगळा. कापूस कसा भरायचा, शिवण कोठे घालायची, पंख कसा बसवायचा, यावरून माणूस ओळखू येतो. मांडवीचे कातडे एकदा भरून, पुन्हा उसवून, नव्याने भरलेले होते. क्ष-किरणांनी आतले दिसले, जुन्या कापसाचे धागे अमेरिकेतल्या एफबीआय या पोलिसी तपास खात्याच्या प्रयोगशाळेतही तपासले गेले. नव्या शिवणीखाली जुना हात उघडा पडला. तो हात जेम्स डेव्हिडसनचा होता.

म्हणजे काय झाले होते? खानदेशात डेव्हिडसननी जमवलेल्या कातड्यांपैकी एक ब्रिटिश म्युझियममधून उचलले गेले. त्याचा साज बदलला, त्याला खोटी चिठ्ठी बांधली, आणि १९१४ सालचा मांडवीचा पक्षी म्हणून ते मिरवले गेले. १९९९ साली हा सारा प्रकार पुराव्यानिशी छापून आला. कर्नल १९६७ सालीच वारला होता. त्याच्या संग्रहातली इतर अनेक कातडीही अशीच चोरीची आणि खोट्या चिठ्ठीची असल्याचे नंतरच्या तपासात निघाले.

हा अभ्यास छापून येण्याआधीच त्याचा उपयोग झाला होता. मांडवीची नोंद खोटी, हे कळल्यावर रासमुसेनबाईंनी ती यादीतून काढून टाकली. मग उरले काय? ब्लुइटचे फुलझर, बॉलचे खरियार आणि डेव्हिडसनचा खानदेश. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या स्वतः, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे जण हिंदुस्थानात आले. आधी पूर्वेकडची रान-ठिकाणे पाहिली. तेथे पक्षी मिळाला नाही. मग ते पश्चिमेला वळले आणि शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले.

२५ नोव्हेंबर १९९७ ची सकाळ. एका निष्पर्ण झाडावर, स्वच्छ उन्हात, एक बुटकेसे घुबड बसले होते. डोके कोरे, छाती गडद, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. घाबरून उडालेसुद्धा नाही. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले, छायाचित्रे घेतली. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा सापडला तो डेव्हिडसननी चिठ्ठीवर लिहून ठेवलेल्या मुलखातच. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. पुढे १ जुलै १९९८ पासून ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात आले.

श्रोतेहो, पक्षी कोठे गेलाच नव्हता. तो आपल्या रानात सकाळचे ऊन खात बसलेला होता. साधा पिंगळा दिवसा बहुतेक ढोलीत असतो. हा मात्र भर दिवसा शिकार करतो, सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि किडे खातो, आणि भक्ष्यावर नजर लावली की शेपटी डावी-उजवी झटकतो. अशा पक्ष्याला ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. योग्य रानात, योग्य वेळी पाय मात्र पडावा लागतो.

एकदा खरे ठिकाण कळल्यावर पुढचे काम भराभर झाले. १९९८ पासून आपल्याकडच्या संशोधकांनी, त्यांत फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी, त्याच्या राहणीचा अभ्यास केला. तोरणमाळात तो दिसला, मेळघाटात दिसला, शेजारच्या मध्य प्रदेशात खकनारच्या रानात दिसला. २०१४ साली तर सह्याद्रीच्या उत्तर भागात, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात तो आढळला. गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

येथे कोणी चटकन म्हणेल, डांग तर मांडवीपासून फार दूर नाही. मग कर्नलची नोंद खरीच ठरली की! नाही, तसे नाही. एखाद्याने खोटा सातबारा केला आणि पुढे त्या गावात खरोखरच त्या नावाचे शेत निघाले, म्हणून तो सातबारा खरा होत नाही. डांगची नोंद खरी ठरली ती डांगमध्ये पक्षी पाहिल्यामुळे. मुलांना हा फरक समजावून सांगता आला, तर इतिहासाचा अर्धा अभ्यास झाला असे मी म्हणेन.

आणि खोट्या नोंदीचे नुकसान पंडितांपुरते नसते. शोधणाऱ्यांचे लक्ष मांडवीकडे लागले, तेव्हा इकडे शहादे-तळोद्याच्या पायथ्याचा साग तुटत होता, शेते वर सरकत होती, सरपणाचे भारे उतरत होते. येथे एक दुर्मिळ जीव राहतो हे ठाऊक असते, तर त्या रानाची राखण करा असे कोणी तरी सांगितले असते. पक्षी सापडला तेव्हा सपाटीवरचे रान बरेचसे गेलेले होते. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिलेले आहे. जागतिक यादीत तो आधी अत्यंत संकटग्रस्त होता, अलीकडे २०१८ पासून संकटग्रस्त या वर्गात आहे. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा जाणकारांचा अंदाज आहे. वणवा, वृक्षतोड आणि घुबडाच्या अंगावरून चालणारे जादूटोण्याचे खूळ, या तिन्हींचे भय त्याला आहे. घुबडाने कोणाचे कधी वाईट केलेले नाही. शेतातले उंदीर मात्र ते रोज खाते.

गुरुजी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत एक वही ठेवा. तिच्यावर ‘पाखरांची नोंद’ असे लिहा. पोराने काही वेगळे पाखरू पाहिले की त्यात तारीख, वेळ, गाव, शिवाराचे नाव, कोणत्या झाडावर, काय करीत होते आणि कोणी पाहिले, एवढे लिहून घ्या. नाव ठाऊक नसेल तर ‘नाव माहीत नाही’ असेच लिहा. ओळखीत शंका असेल तर तीही लिहा. अंदाजाने भारी नाव ठोकून देऊ नका, आणि मोठ्या माणसाने सांगितले म्हणून न पाहिलेले पाहिले असे मांडू नका. हल्ली खिशातल्या फोनवर चित्र काढता येते, ही मोठी सोय झाली आहे. पण चित्राखाली गाव आणि तारीख खरी नसेल, तर ते चित्रही मांडवीच्या कातड्यासारखेच. घरट्याची ढोली दिसली तर वहीत लिहा, पण तिच्याभोवती गर्दी जमू देऊ नका. वन खात्याच्या माणसाला कळवले की पुरे.

आणि वर्ष संपले की ती वही रद्दीत घालू नका. डेव्हिडसन काही पक्षिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. महसुलाचे काम सांभाळून त्यांनी ही उठाठेव केली. त्यांनी चिठ्ठीवर खरे गाव आणि खरी तारीख लिहिली, आणि तेवढ्यावरून एकशे तेरा वर्षांनी तीन परके लोक शहाद्याच्या रानात नेमक्या जागी येऊन उभे राहिले. आपल्या शाळेच्या वहीवरून उद्या कोण कोठे पोहोचेल, ते आज सांगता येणार नाही. लिहिलेले खरे असावे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.